गौरीच्या भाताची पेज

राधाकाकूंच्या हातातली गंगेची पळी मी फटका मारून उडवली. पळी भिंतीवर आपटली, तुळशीचे पान भुईवर पडले आणि माजघरात जमलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. आवाज राहिला तो एकच. सारवलेल्या भुईवर मथूच्या टाचा आपटत होत्या, त्याचा.

मथू राधाकाकूंची सून. विशीही गाठली नव्हती. सकाळी पुरणाची डाळ निवडता निवडता तिला फेफरे आले, ते सूर्य डोक्यावर आला तरी थांबले नव्हते. अंग लाकडासारखे ताठ व्हायचे, मग झटके, मग घशात घरघर, आणि आता डोळे उघडेल असे वाटते तोवर पुन्हा ताठ. तोंडाला फेस होता, त्यात रक्त. ओठ जांभळे पडले होते. घरच्यांनी आशा सोडून तिला अंथरुणावरून खाली भुईवर घेतले होते. तोंडात गंगा घालायची तेवढी राहिली होती.

"सखू!" राधाकाकू ओरडल्या. "आत गौर बसलीय. कुठं शिरलीस तू? आणि गंगा सांडलीस?"

"गौर उठून जायची नाही," मी म्हटले. "ही जाईल."

कल्याणच्या ब्राह्मणआळीतल्या त्या घरात एरवी मला ओसरीच्या पुढे पाऊल टाकता आले नसते. त्यात गौरी जेवायचा दिवस. चुलीवर नैवेद्याचा भात, राधाकाकू सोवळ्यात, आणि मी दवाखान्यातली बाई, दहा जातींच्या जखमा धुतलेली. मागच्या बायकांपैकी एक म्हणाली, "मरणाऱ्याच्या तोंडचं गंगाजल काढलं. आता हिला नरकातसुद्धा जागा नाही."

"पुढचं पुढं बघू," मी म्हटले आणि मथूला कुशीवर वळवले. तोंडातला फेस, रक्त आणि थोडे पाणीही बाहेर आले. म्हणजे एक पळी आधीच गेली होती.

त्या एका पळीचे मला भय का वाटले, ते सांगण्यासाठी मला आधीचे सांगावे लागेल.

मासिकाच्या अंकवाल्यांनी मला दवाखान्यातल्या गमती लिहा म्हणून सांगितले. गमती फार नव्हत्या. मी मराठी चार इयत्ता शिकलेली. नवरा रेल्वेच्या कामावर दगडाखाली सापडून मेला, तेव्हा दवाखान्यात कामाला लागले. राणीचे राज्य होते. कल्याणला गाड्यांची खडखड झाली होती, पण डोंबिवली म्हणजे भाताची खाचरे आणि कोपर म्हणजे खाडीकाठची चार घरे. जड दुखणे ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचे, तोवर जे होईल ते आमच्याकडे. डॉक्टर एकच, सदाशिवराव. हॉस्पिटल असिस्टंट हा त्यांचा हुद्दा, पण गाव डॉक्टरच म्हणे. मला दाई म्हणत. बाळंतपणे त्यातली थोडी. बायकांच्या अंगाला डॉक्टरांचा हात लागलेला चालत नसे, म्हणून डॉक्टर दाराआडून सांगत आणि हात माझे चालत. ते बरेच शिकलेले होते आणि माझ्यावर ओरडून ओरडून त्यांनी त्यातले थोडे मलाही शिकवले.

फेफऱ्याचे रोगी आमच्याकडे पुष्कळ येत. येत म्हणजे आणले जात, तेही सगळे उपाय झाल्यावर. जोडा हुंगवून झालेला असे, कांदा फोडून झालेला असे, मुठीत किल्ली दिलेली असे. पळी घालून दात उघडण्याच्या नादात कुणाचा दात पडलेला असे. लोक म्हणत, कांद्याने शुद्ध येते. येते, कारण साधे फेफरे आपले आपणच थांबते. चुलीवर दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो त्याहून फार वेळ ते टिकत नाही. मग माणूस झोपतो, उठतो, लाजतो, घरी जातो. श्रेय कांद्याला.

सोंगाडेही येत. स्टेशनावरचा एक हमाल जड पेटी आली की फेफरे येऊन पडायचा. डॉक्टरांनी एकदा त्याच्या उशाशी उभे राहून मला मोठ्याने सांगितले, "सखूबाई, सळई तापवा. टाळूला डाग द्यावा लागेल." मी अजून चुलीपाशी पोचले नव्हते तर हा उठून बसला. "बरं वाटतंय साहेब," म्हणाला. हसलो आम्ही. पण त्या हमालामुळे पुढे स्टेशनावर जो कोणी खरोखर पडे, त्याला लोक आधी लाथ मारून बघत.

खरे भय वेगळ्याच फेफऱ्याचे. एक संपायच्या आत दुसरे, दुसऱ्यात तिसरे, मध्ये शुद्ध म्हणून नाही. माणूस थकून थकून मरतो. ताप चढतो, श्वास अडतो. पहिल्या वेळी अशा रोग्याजवळ बसले तेव्हा माझेच अंग दुखायला लागले, इतके मी त्याच्याबरोबर ताठ होत होते. अशांतले काही वाचतात, बरेच जातात. वाचलेल्यांतही सगळेच्या सगळे परत येत नाहीत. कोणाची जीभ जड होते, कोणाची ओळख पुसते.

कोपरचा पोशा असाच आणला होता. मिठागरावर काम करणारा, उंच, काळाभोर गडी. मिठाच्या राशीवरून खाली आला आणि वाफ्यातच कोसळला. भावांनी होडीत घालून खाडीतून कल्याणच्या बंदराला आणला, तिथून बाजेवर दवाखान्यात. सगळ्या वाटेत फेफरे चालूच. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म दिला, घाम गाळला, आणि ते थांबले. पोशा झोपला. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मी जाऊन त्याच्या आईला सांगितले, "वाचला तुझा मुलगा."

दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत बुडबुडे वाजायला लागले. मग ताप. डॉक्टरांनी आईला विचारले, वाटेत काय पाजले होते?

"पानी पाजला," ती म्हणाली. "आन् थोरी तारी. मरतानी तोंडान काय तरी नको घालाला?"

बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. तोंडात घातलेले पोटात न जाता छातीत जाते. पोशा फेफऱ्याने मेला नाही, त्या पाण्याने आणि ताडीने मेला. त्याच्या आईला मी हे सांगितले नाही. सांगून काय होणार होते? पण डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "सखूबाई, यापुढे असा रोगी असेल तिथं पहिलं काम एकच. कोणाच्या हातात काय आहे ते बघायचं."

म्हणून त्या घरात शिरताना मी पहिल्यांदा हातांकडे बघितले आणि पळी दिसली.

मथूचे दुखणे आम्हाला नवे नव्हते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला फेफरे येत. राधाकाकूंनी ते लपवले नाही, हे त्यांचे मोठेपण. मांत्रिक झाले, अंगारे झाले, मग मुलाला, वामनरावांना, त्यांनी दवाखान्यात पाठवले. डॉक्टरांनी फेफऱ्यावरचे औषध, ब्रोमाइड, सुरू केले. मी दर महिन्याला बाटली भरून द्यायची. औषध घ्यायला लागल्यापासून मथूला एकदाही फेफरे आले नव्हते. चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या आणि दिवसा झोप येई, तेवढेच.

त्या दिवशी वामनरावांनी बोलावलेले डॉक्टर ओसरीवर उभे होते. तिथूनच त्यांनी विचारले, "काकू, औषध चालू होतं ना?"

वामनराव आईकडे बघत राहिले. ठाण्याच्या कचेरीत कारकून होते ते, सणाला घरी आलेले. सोवळ्याचा पंचा नेसून नुसते उभे.

"गोकुळाष्टमीपासून नाही," राधाकाकू म्हणाल्या.

"कोणी बंद केलं?"

"तिनंच." मग त्या माझ्याकडे वळून बोलायला लागल्या, जसे काही मीच विचारले होते. "तुमच्या बाटलीतलं पाणी कोणी भरलेलं, कोणी हाताळलेलं, देव जाणे. ते पोटात घेऊन ही स्वयंपाकघरात कशी येणार? वर्षभर बाहेर बसून धान्य निवडत होती. एकदा बोलली नाही. पण घरात मी विधवा. गौर आणायची कोणी? मी म्हटलं, शेजारच्या वहिनी आणतील. तर म्हणाली, या घरातली सवाष्ण मी आहे, परक्या बाईच्या पावलांनी आपली गौर का यायची? पुरण मी वाटणार, गौर मी आणणार. बाटली कोनाड्यात ठेवलीन आणि स्वच्छ नहायली. चांगली होती हो! काल गौर आणलीन तेव्हा कशी दिसत होती."

डॉक्टर रागावले नाहीत. "मग हे त्याचंच आहे," म्हणाले. आमच्याकडे खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात. बांध रोज थोडा थोडा झिजला तर माणूस डागडुजी करतो. एकदम काढून घेतला तर भरतीचे सगळे पाणी एकदम आत. ब्रोमाइड तसे आहे. आजार गेलेला नसतो, बांधापलीकडे उभा असतो.

पहिल्याने क्लोरोफॉर्म. डॉक्टरांनी उंबऱ्याशी येऊन रुमालावर थेंब टाकून दिले, मी तो मथूच्या नाकाशी धरला. झटके मंद झाले, थांबले. रुमाल काढला की पुन्हा सुरू. पुन्हा धरला, पुन्हा थांबले. डॉक्टर मनगट धरून नाडी बघत होते. तेवढा हात लागलेला चालत असे. थोड्या वेळाने म्हणाले, "बास. आणखी नको. नाडी बसतेय."

म्हणजे आता क्लोरल, गाढ झोपवणारे औषध. ते तोंडाने देता येत नव्हते, म्हणून बस्तीने, म्हणजे खालून पिचकारीने द्यायचे. ते नुसते दिले तर आतून जाळते, म्हणून तांदळाच्या पातळ पेजेत कालवून. डॉक्टरांनी ओसरीवरून हाक दिली, "पेज लागेल. मिठाशिवाय. लगेच."

घरात शिजलेला तांदूळ एकच होता. चुलीवर गौरीच्या नैवेद्याचा. देवीला दाखवायच्या आधी त्यातले शीतसुद्धा कोणी चाखत नाही, वाससुद्धा मुद्दाम घेत नाही. शेजारणींतली एक म्हणाली, "माझ्या घरून आणते, चूल पेटवली की..." दुसरी म्हणाली, "गौरीला नैवेद्य होऊ दे, मग घ्या." मथूचे अंग पुन्हा ताठ व्हायला लागले होते. या वेळी ओठांचा जांभळा रंग उतरलाच नाही.

मी राधाकाकूंकडे बघितले. चुलीकडे मी जाऊ शकत होते, पळी उडवली तशी. पण मग पेज मिळाली असती आणि मथूला नंतर त्या घरात राहायला जागा मिळाली नसती, एवढे मला कळत होते.

राधाकाकू उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. झाकण काढल्याचा आवाज आला. भात रटरटत होता, त्याची वरची पेज त्यांनी वाटीत काढली, फुंकर घालून निववली. देवीच्या आधी त्यातले काढले म्हणजे सगळा भात उष्टा झाला. ती वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. खाली ठेवून नव्हे, हातात हात लागून.

सगळ्या बायकांना त्यांनी बाहेर काढले. वामनरावांनाही. "गौरीकडे पडदा ओढ," मला म्हणाल्या. मी गौरीच्या मखरापुढे मथूचीच साडी टांगली. मग वाटीत क्लोरल कालवून पिचकारीने दिले. राधाकाकूंनी सुनेचे पाय दाबून धरले. त्या वयात कुठून आले होते ते बळ, कोण जाणे. सगळे झाल्यावर त्या हळूच मला म्हणाल्या, "सखू, पेज गौरीच्या भाताची. ती कुठून गेली, ते गौरीला सांगू नकोस."

मला अशा वेळीही हसू आले. त्या हसल्या नाहीत.

मग वाट बघणे. आमच्या धंद्यात सगळ्यांत वाईट काम तेच. एक फेफरे आले. लहान होते की मलाच तसे वाटले? मग दुसरे. डॉक्टर ओसरीवर येरझारा घालत होते. मी बाहेर जाऊन विचारले, आणखी देऊ का?

"दिलं तर श्वास बंद पडायची भीती," ते म्हणाले. "न दिलं तर हे थांबायचं नाही." एवढा शिकलेला माणूस, आणि त्यालाही नक्की ठाऊक नव्हते, कोणालाच ठाऊक नव्हते, हे मी त्यांच्या तोंडावर वाचले. शेवटी म्हणाले, "अर्धं द्या. आणि छातीवरून हात काढू नका."

उरलेल्या पेजेत अर्धे दिले. मथूच्या छातीवर हात ठेवून मी बसले. श्वास लांब लांब पडायला लागला. एक श्वास गेला आणि दुसरा येईना. मी तिच्या गालावर चापट मारली. आला. पुन्हा तेच. पुन्हा चापट. राधाकाकू पलीकडे बसून तोंडाने काही पुटपुटत होत्या. स्तोत्र म्हणत असतील असे मला वाटले. नीट ऐकले तेव्हा कळले, त्या नुसते "घे, घे, घे" म्हणत होत्या.

परसातल्या पडवीची सावली विहिरीपर्यंत गेली तेव्हा माझ्या लक्षात आले की टाचा आपटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

त्या घरात गौरीला त्या वर्षी नैवेद्य उशिरा झाला, तोही वामनरावांनी शेजारून आणलेल्या साखरभाताचा. रटरटलेला भात राधाकाकूंनी गाईला घातला.

पण पोशाची आठवण मला स्वस्थ बसू देईना. एक पळी मथूच्या तोंडात गेली होती, हे मला ठाऊक होते. सगळे वाचली म्हणत होते, आणि मी तिच्या पाठीला कान लावून बुडबुडे ऐकत होते. वाचली हा शब्द मी त्या दिवशी तोंडातून काढला नाही. राधाकाकूंनी विचारले, "आता बरी ना?" मी म्हटले, "उद्या विचारा." दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हाही तेच सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. मथूला थोडा ताप आला, खोकला आला, आणि गेला. एक पळी होती म्हणून गेला. पोशाच्या आईने लोटाभर घातले होते.

शुद्धीवर आल्यावर मथूने पहिल्याने विचारले, "गौर आणायची आहे ना?" गौर आणून, जेवून, बोळवून झाली होती. तिला काही आठवत नव्हते. ज्या दिवसासाठी तिने बाटली कोनाड्यात ठेवली, तोच तिच्या डोक्यातून पार पुसून गेला. उजवा हात काही दिवस लुळा होता, मग चालायला लागला. बोलणे थोडे जड झाले, ते तसेच राहिले.

बरी झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा बाटली लिहून दिली. मी ती द्यायला गेले तर राधाकाकूंनी ओसरीवर बसवून मला विचारले, "हे औषध म्हणजे आहे तरी काय?"

"क्षार आहे. मिठासारखा. पाण्यात विरघळवतो आम्ही."

"मिठासारखा? कोरडा?"

"कोरडाच येतो."

"मग कोरडा दे की!" त्या संतापून म्हणाल्या. "कोरड्याला विटाळ नसतो. पाणी माझ्या विहिरीचं घालीन मी. एवढं साधं तुम्हाला सुचलं नाही?"

नाही सुचले. डॉक्टरांना नाही, मला नाही. दवाखान्यात औषध पाण्यात देण्याची पद्धत, म्हणून आम्ही पाण्यात देत राहिलो. किती घरांतून बाटल्या तशाच परत आल्या, किती जण यायचे थांबले, आणि आम्ही त्यांना अडाणी म्हटले. त्यांतले किती जण पुढे मथूसारखे भुईवर पडले असतील, ते मला ठाऊक नाही. त्यांच्याकडे आम्हाला कोणी बोलावलेच नसेल. त्यानंतर आमच्याकडून ब्रोमाइडच्या पुड्या जायला लागल्या. ब्राह्मणआळीत तर राधाकाकू स्वतःच सांगत फिरत, कोरडे मागा म्हणून. जसे काही औषध त्यांनीच शोधून काढले होते.

मथू पुढच्या वर्षी स्वयंपाकघरात होती. गौर तिनेच आणली. नातलग वामनरावांना दुसरे लग्न करा म्हणून सुचवत होते, फेफऱ्याची बायको किती दिवस सांभाळणार? राधाकाकूंनी मुलाला सगळ्यांदेखत सांगितले, "गौरीचा भात उष्टावून मी हिला ठेवून घेतलीय. सवत आणायची तर आधी देवीला जाऊन विचार." वामनरावांनी दुसरे लग्न केले नाही. लोक म्हणत, बायकोवर जीव. मला वाटते, आईचा धाक. असो. बाईला दोन्ही सारखेच उपयोगी.

पळी उडवली त्याबद्दल राधाकाकू मला कधी बोलल्या नाहीत. पण त्यानंतर मी गेले की पाट ओसरीवर मांडत, माजघरात कधीच नाही. तो एक दिवस तेवढा. त्याचे मला वाईट वाटले का? थोडे वाटले.

राधाकाकू प्लेगात गेल्या. मी तिथे होते, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडात गंगा मी घालू दिली. त्यांना गिळता येत होते. वामनराव नंतर काही वर्षांनी गेले, सदाशिवराव डॉक्टर बदलीच्या गावी गेले आणि तिथेच वारले. पोशाची आई पुष्कळ जगली असे कोपरच्या माणसांकडून कळले.

त्या दुपारी त्या माजघरात शेवटपर्यंत तिघी होतो. आता दोघी आहोत. मी आणि मथू.